आमच्या कातळावरची अंगणं

आमच्या आळीत किस्से फार साठायचे, ते माणसं फार विशेष होती म्हणून नव्हे. झाडं नव्हती म्हणून! रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर, चार भाड्याची घरं आणि चारही घरांपुढे उघडा कातळ. आडोशाला एक केळसुद्धा नाही. एकाच्या दारात काही घडलं की बाकी तिघांना ते बसल्या जागी दिसायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा किस्सा झालेला असायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी शाळेत गणित शिकवायचो. शेजारी अप्पा, त्याच शाळेतला ड्रॉइंग मास्तर. त्यापलीकडे कचेरीतले नाझर तात्या. आणि टोकाला हसनचाचा, बोटीवर तीस वर्षं सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून काढलेले. पावसाळ्यात कातळावर गवत यायचं, इवली फुलं यायची. दिवाळीनंतर सगळा तवा! विहीर चौघांत एक आणि तीही फाल्गुनात तळ दाखवायची. तरी आपलं दार चांगलं दिसावं असं चौघांनाही वाटायचंच.

*

हसनचाचांनी अंगणाचा डेक केला होता. चारी बाजूंना चुन्यात बुडवलेले पांढरे धोंडे ओळीत मांडले, त्याचं नाव रेलिंग. समोर दोन धोंड्यांची जागा मोकळी, ती गँगवे. दर शुक्रवारी सकाळी आंघोळीचं पाणी साठवून, नारळाच्या सोडणानं कातळ घासून काढायचे. धोंडे ओलांडून कोणी आत आलं की ओरडायचे, "गँगवेनं या, गँगवेनं!"

एकदा तात्या कचेरीतून येत असताना एक उधळलेला बैल त्यांच्या मागे लागला. तात्या धोतर सावरत चाचांच्या अंगणाकडे धावले. एक पाय धोंड्यावर पडणार, इतक्यात आवाज आला, "गँगवेनं!" सरकारी माणूस! तात्या तसेच वळले, सगळ्या धोंड्यांना वळसा घालून रीतसर गँगवेनं आत शिरले. बैल सरळ धोंड्यांवरून आत आला.

दोघंही ओट्यावर चढले, बैल डेक तुडवून निघून गेला. तात्या धापा टाकत म्हणाले, "त्याला नाही ओरडलात ते!"

"त्याला कायदा म्हायत नाय, तात्या. तुमी कचेरीतले!"

*

तात्यांचा स्वतःचा विश्वास खळ्यावर. दसरा झाला की दोन गाड्या तांबडी माती आणून ते कातळावर पसरायचे. मग पाणी मारून चोपण्यांनी चोपायची आणि वर शेणाचं सारवण. चोपायला आम्ही चौघंही असायचो. खळं वाळेपर्यंत तीन दिवस त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, हा नेम. घरची माणसंसुद्धा मागच्या दारानं ये-जा करायची.

नेमकं तिसऱ्या दिवशी, काही न कळवता, हेदवीचे पाहुणे तात्यांच्या मुलीला बघायला आले! मुलाची आई पुढे, बाकीचे मागे. तात्या ओट्यावरून हात जोडून म्हणाले, "या, या! पण मागनं या!"

आम्हाला वाटलं, झालं, मोडलं! पाहुणे गुरांच्या गोठ्याजवळून, न्हाणीजवळून, चुलीजवळून आत गेले. मुलगी पदर खोचून बापाच्या मासिक हिशेबासारखी भांडी ओळीत लावत होती. तिला आत पळायलाही जागा उरली नव्हती.

चहा झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "पुढून सगळ्यांचीच घरं चांगली दिसतात. आम्ही मागून पाहिलं. पसंत आहे!"

त्यानंतर तात्या लग्नाच्या मुलींच्या बापांना खळ्याचं महत्त्व सांगत फिरायचे.

*

अप्पाचं मात्र अवघड होतं. त्याचं नवं लग्न झालेलं आणि वहिनी कऱ्हाडकडच्या, कृष्णेच्या काठी वाढलेल्या. पहिल्या दिवशी गाडीतून उतरून त्यांनी विचारलं, "अंगण कुठंय?"

"तू उभी आहेस तेच," अप्पा म्हणाला.

वहिनींनी माहेराहून डब्यात मोगऱ्याचं रोप आणलं होतं. अप्पानं पहार घेतली. दोन रविवार घाव घातले, ठिणग्या उडाल्या, हातांना फोड आले आणि वीतभर खड्डा झाला. त्यात रोप लावायच्या आत पावसानं पाणी भरलं आणि एक बेडूक येऊन राहिला.

"झाड मागितलं तर बेडूक दिलात!" वहिनी म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या, पण विहिरीवर आमच्या हिच्याजवळ त्या माहेरचंच बोलायच्या. उन्हाळ्यात पाणी पोटरीइतकं उतरलं की बायका नदी ओलांडून पलीकडच्या देवळात जायच्या. चपला हातात, लुगडं वर खोचलेलं. पलीकडे पायरीवर बसून ओला काठ पिळायचा आणि मग देवाला जायचं. "इथं काय पिळायचं? घाम?" असं विचारायच्या.

आश्विनात त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. मुलगी झाली. बारसं होऊन दोन महिने झाले तरी येण्याचं नाव नाही. मग पत्र आलं. अप्पानं ते मला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. लिहिलं होतं, "त्या तव्यावर लेकीला घेऊन यायला मन होत नाही. दारात पाहण्यासारखं काही झालं तर कळवा."

अप्पानं अजून मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं.

*

अप्पानं कुणाचं ऐकलं नाही. तात्यांनी माती देऊ केली, चाचांनी चुना. त्यानं शाळेतला खडू घेतला आणि कातळावर दोन लांबलचक वाकड्या रेघा मारल्या, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"साप काय रे हा?" तात्यांनी विचारलं.

"बोटीच्या नांगराचा दोर हाय," चाचा म्हणाले.

मला तो आलेख वाटला. अप्पा म्हणाला, "शिंपले लागतील. दोन गाड्या."

चाचांचा मेहुणा मिरकरवाड्याच्या मच्छीबंदरावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या शिंपले अप्पाच्या दारात पडले. रिकामे असतील असं आम्ही धरून चाललो होतो. निम्म्यांत मालक अजून आत होते! दहा वाजेपर्यंत असा वास सुटला की घराघरांतून खिडक्या मिटल्या आणि रत्नागिरीतले यच्चयावत कावळे आमच्या आळीत उतरले.

त्याच दिवशी तात्यांकडे वडिलांचं, जन्मात मासळीच्या वाऱ्याला न उभ्या राहिलेल्या आबांचं, श्राद्ध. तात्या सोवळं नेसून कावळ्याचं पान घेऊन बाहेर आले. भात, वडे, खीर, सगळं साग्रसंगीत. पान ठेवलं, हाका मारल्या. एक कावळा ढुंकून बघेल तर शपथ! सगळे अप्पाच्या शिंपल्यांत चोची घालून बसलेले.

बारा वाजले, एक वाजला. घरात पानं मांडून माणसं खोळंबलेली. शेवटी तात्या अंगणाच्या कडेपर्यंत आले आणि त्या कावळ्यांकडे बघत कळवळून ओरडले, "आबा! अहो, तुम्ही कधीपासून?"

*

आठवडाभर आम्ही ते शिंपले आंघोळीच्या साठवलेल्या पाण्यात धूत होतो. चाचा मुकादम. सोडणानं घासायचे, कातळावर उन्हात घालायचे, रात्री गोळा करायचे. तात्यासुद्धा आले, नाकाला उपरणं बांधून! उन्हानं शिंपले पांढरे लख्ख झाले, तेव्हा अप्पानं ते दोन रेघांच्या मध्ये एकेक करून बसवले. कडेनं गोटे लावले. आणि ओट्यापाशी जांभ्या चिऱ्यांच्या तीन पायऱ्या उतरवल्या.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. गुडघाभर कुंपणाच्या फाटकातून घरात जायचं तर आता मध्ये नदी होती.

"पावसात वाहून जाईल रे," तात्या म्हणाले.

"मग तर खरीच म्हणायची," अप्पा म्हणाला. त्यानं पत्रात एकच ओळ लिहिली, "पाहण्यासारखं झालंय, ये."

पंधरा दिवस उत्तर नाही. अप्पा रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकात उभा. आमचाही जीव वरखाली होत होता, कारण आता ती नदी एकट्या अप्पाची राहिली नव्हती.

*

चैत्रातली दुपार. चिपळूणवरून येणारी गाडी स्टँडवर लागून गेली होती. सड्याच्या वाटेवर हमालाच्या डोक्यावर एक ट्रंक दिसली आणि मागे वहिनी, कडेवर मुलगी.

आम्ही तिघं आपापल्या अंगणात कामाला लागलो. शुक्रवार नसताना चाचा डेक घासत होते. तात्या स्वच्छ खळं झाडत होते. मी काय करत होतो ते आठवत नाही.

वहिनी फाटकातून आत आल्या आणि थांबल्या. त्यांनी नदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. पलीकडच्या पायऱ्या पाहिल्या. अप्पा अलीकडे फाटकापाशीच उभा होता. तो घाईघाईनं म्हणाला, "बाजूनं वाट ठेवलीय, त्या कडेनं..."

चाचांचं सोडण थांबलं.

वहिनींनी मुलगी अप्पाच्या हातात दिली. चपला काढून एका हातात घेतल्या. दुसऱ्या हातानं लुगडं पोटरीपर्यंत उचललं आणि एकेक पाऊल चाचपत, मध्ये जरा तोल सावरत, त्या पलीकडे गेल्या. पायरीवर बसल्या. आणि लुगड्याचा काठ दोन्ही हातांत धरून त्यांनी तो घट्ट पिळला.