सिनेमा पाहिल्यावर बाबा बोलले

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी माहेरी नागपूरला आले होते आणि बाबांना हट्टानं सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये लढाईचा सिनेमा दाखवायला नेलं. बाबा विणकर, पण पहिल्या महायुद्धात जखमींना उचलून आणायच्या कामावर इराकात बसऱ्याकडे जाऊन आलेले. तिथलं एक अक्षरही त्यांनी घरात कधी काढलं नव्हतं.

सिनेमातला शिपाई गोळ्यांच्या माऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन सोबत्यांना खांद्यावर घेऊन येतो आणि शेवटी स्वतःच पडतो. फार सुंदर केलं होतं त्या नटानं. ना आरडाओरडा, ना भाषण. मला हुंदका आवरेना.

"काहून रडून राहिली वं? अशी माणसं खरंच रायतात," बाबा हळूच म्हणाले.

घरी चालत येताना ते आपणहून बोलू लागले. उमरेडचा एक विणकर त्यांच्या सोबत होता. सहा जखमी पाण्यासाठी तळमळत होते. तो गोळ्यांच्या माऱ्यातून नदीवर गेला, पाण्याची कातडी मशक भरून आला. पाणी पुरलं नाही, म्हणून पुन्हा गेला. तो परतलाच नाही.

"तुम्ही नाही गेलात?"

"एकानं जखमींपाशी रायचंच, असा हुकूम होता. एकाची जखम मी दाबून धरली होती. हात काढला असता तर तो मेला असता."

"त्याच्या बायकोला हे सांगितलं?"

"मी जिता आलो. कोणत्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?"

मला तो शिपाई थोर वाटला होताच. आता जखमेवर हात दाबून बसलेले बाबाही तितकेच थोर वाटले. तसं मी त्यांना म्हटलं. रविवारी सकाळी ते म्हणाले, "चाल, उमरेडले जाऊ."

छोट्या रुळांच्या आगगाडीनं गेलो. त्या विणकराची बायको मागावर बसली होती, केस पिकलेले. बाबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तहानलेलाच गेला का तो?"

"नाही वहिनी. पहिल्या खेपेले नदीवर पोटभर पिऊन आला होता. त्यानंच सांगतलं मले."

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "बसा. भात टाकतो."

पुढे पाय चालत होते तोवर बाबा दर दिवाळीला उमरेडला जात राहिले.