साहेबाच्या बंगल्याचा दसरा

लग्न होऊन मी साताऱ्याला आले, तेव्हा सासरचं घर म्हणजे साहेबाच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या. स्वातंत्र्य मिळालं आणि तो गोरा साहेब विलायतेला निघून गेला. सरकारनं बंगला आणि बाग होती तशीच ठेवली, आणि दर रविवारी लोकांना ती दाखवायचं काम मामंजींकडं आलं. ते पलटणीतले पेन्शनर हवालदार. माझं माहेर आटपाडीचं. तिथं आम्ही हंडाभर पाण्यासाठी वणवण करायचो, आणि इथं झारीनं गुलाबांना आंघोळी! पहिले आठ दिवस माझा नुसता जळफळाट झाला. मग त्याच गुलाबांचा लळा लागला, काय करणार.

मामंजी बंगला असा दाखवायचे, की साहेब आत्ताच चहा पिऊन फिरायला गेलाय असं वाटावं. "ह्ये साहेबाचं टेबल. ही मेमसाहेबांची तसबीर, बगा कशी हासतीया." पायताणं दारातच काढायला लावायचे. साहेब स्वतः बूट घालून घरभर फिरायचा, पण मामंजींचा नियम म्हणजे नियम. केर काढता काढता मी ऐकायची. ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालं.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे फक्त घरच्यांना माहीत. दारापासून टेबल सात पावलं, तिथून डावीकडं तसबीर, अशा अदमासानं ते बंगला फिरायचे. वरच्यांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि तिच्याबरोबर त्या दोन खोल्याही. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, लढाईला भ्यालो नाही, पण डोळ्याला सुरी लावून घेणार नाही. यापुढं कोण बोलणार, कपाळ!

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मी घराचा दसरा काढला. गोधड्या धुतल्या, भांडी लखलखीत केली. तरी हात थांबेनात, म्हणून बंगल्याचाही काढला. जाजमं झटकली, जळमटं पाडली. आणि मी दीडशहाणी, टेबल सरकवून खिडकीशी नेलं आणि ओल आलेल्या भिंतीवरची तसबीर काढून समोर टांगली. कुणाकरवी मामंजींच्या कानावर घालायचं सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी, काही न कळवता, एक मोठे अधिकारी पाहणीला आले. मामंजींनी सलाम ठोकला, त्यांनाही पायताण काढायला लावलं, सात पावलं टाकली आणि टेबलावर हात ठेवायला गेले. तिथं टेबल नव्हतंच. तोल गेला, कसेबसे सावरले, आणि कोऱ्या भिंतीकडं हात करून म्हणाले, बगा मेमसाहेब कशी हासतीया. अधिकारी जागीच थांबले. मामंजींना काहीतरी चुकलंय एवढं कळलं आणि त्यांचा हात खाली आला.

मी दाराआड उभी. तेव्हा सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे. दोन वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पण घोळ माझा होता, आणि त्या माणसाचा पडलेला चेहरा मला बघवेना. पदर ओढून घेतला, पुढं झाले आणि बोलायला लागले. टेबल, तसबीर, मग बाग, सगळं मामंजींच्याच शब्दांत. तोंड काही थांबेना.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे सगळं कुठं शिकलात?

"मामंजींकडनं," मी म्हटलं. "टेबल मी हलवलं, साहेब. त्यांची चूक न्हाई."

अधिकाऱ्यांनी जवळ येऊन मामंजींचे डोळे निरखून बघितले. मग त्यांनी हुकूमच सोडला. मिरजेच्या इस्पितळात जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून या, नोकरी तुमचीच आहे, तोवर सूनबाई बंगला दाखवतील. हुकूम म्हटल्यावर हवालदार मुकाट गेले.

दीड महिना मी दर रविवारी बंगला दाखवला. एका रविवारी बघते तर घोळक्याच्या मागं मामंजी उभे. जाड भिंगांचा चष्मा, पायताण हातात. मी वाक्य अर्धवट सोडून पदर सावरला.

"थांबलीस का, पोरी? मी बी बंगला बघायलाच आलोय."

मी कसंबसं पुरं केलं. लोक गेले, तशी टेबल जुन्या जागी ओढायला लागले. मामंजींनी त्याच्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "हितं उजेड बरा येतोय."