सदानंद खानविलकरांचे कान

साठीनंतर सदानंद खानविलकरांना कमी ऐकू यायला लागलं, पण त्यांनी ते कुणापाशी कबूल केलं नाही. सगळी नोकरी बडोद्यात रेल्वेत झालेली, माणसांत रमणारा माणूस. आता कुणी बोललं की ते अंदाजाने हसायचे. जुने मित्र बळवंतरावांनी आपला भाऊ वारल्याचं सांगितलं, तेव्हाही हसले. बळवंतराव ताडकन उठून गेले. नंतर चूक कळली, पण तोंड दाखवायची हिंमत होईना. दांडिया बाजारात मित्रांच्या बैठकीला जाणंच त्यांनी सोडलं. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. उल्काताईंना वाटायचं, नवरा निवृत्त झाला आणि तिरसट झाला.

एका सकाळी इन्स्टाग्रामवर ओळखीचा चेहरा दिसला. निजामपुऱ्यात खांडवीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारी बाई! तीनदा चटणी मागितली तरी तिने वळून पाहिलं नव्हतं, म्हणून "केवढा माज!" असं पुटपुटत ते तसेच निघून आले होते. व्हिडिओत ती हातांनी बोलत होती आणि खाली गुजरातीत अक्षरं उमटत होती : 'मी दक्षा. मला जन्मापासून ऐकू येत नाही. समोर येऊन बोला, मला ओठ वाचता येतात. लोक घमेंडी म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं.'

सदानंदरावांचा चेहरा उतरला. तिचे जुने व्हिडिओही त्यांनी एकेक करून पाहिले आणि संध्याकाळी तडक लारी गाठली. तिच्या समोर उभं राहून सावकाश म्हणाले, "बेन, माफ करजो. मने पण ओछुं संभळाय छे."

मलाही कमी ऐकू येतं, हे ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. दक्षाबेनने आधी त्यांच्या कानाकडे बोट केलं, मग स्वतःच्या, आणि खळखळून हसली.

घरी येताच ते म्हणाले, "उल्का, मला नीट ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली."

"अहो, मग सांगायचं नाही? मी मेली एकटीच बडबडत होते!" उल्काताईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ते बळवंतरावांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बळवंतरावांनी आत चहा सांगितला. पंधरा दिवसांत कानाचं यंत्रही आलं.

आता दर शनिवारी सदानंदराव दक्षाबेनच्या लारीपाशी खुर्ची टाकून बसतात. तिच्याकडून खुणा शिकून घेतल्यात, दोघांच्या गप्पा हातांनीच चालतात. परवा उल्काताई सोबत होत्या. "काय चाललंय तुमचं? मला कळेल असं बोला की!" त्या वैतागल्या.

दक्षाबेनने हात पुसले, उल्काताईंची बोटं हातात घेतली आणि 'जेवलीस का?' ही खूण शिकवली. परतताना रिक्षात उल्काताई तीच खूण पुन्हा पुन्हा करून बघत होत्या.