धोंड्याचा महिना गड्याचा

सावद्याच्या क्रिकेट क्लबाचा पुढच्या हंगामाचा संघ एप्रिलच्या उन्हात ठरतो. सामने संपलेले असतात, मैदानावर कुत्रीसुद्धा सावली शोधून बसतात, आणि क्लबाचे सेक्रेटरी झुलाल नाना काखेत लांबट रजिस्टर मारून एकेका खेळाडूच्या घरी जाऊ लागतात. खेळाडू घरी नसेल अशी वेळ ते मुद्दाम निवडतात.

"त्याला काय विचारायचं? तो हो म्हणतो," असं त्यांचं मत. ते आईला नाहीतर बायकोला विचारतात. लग्न कधी काढलंय, दुकानावर कोण बसणार, भरतीचा फॉर्म भरलाय का. चहा होतो, रजिस्टर उघडतं आणि नावापुढे तीनपैकी एक शब्द पडतो: पास, दुरुस्ती किंवा नापास. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणीच्या कामात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातल्या कुठल्याही वस्तूसाठी चौथा शब्द लागत नाही.

करारनामे सुरू झाले सहा वर्षांपूर्वी. उपांत्य सामन्यात जेवणाच्या सुट्टीत सलामीचा फलंदाज चुलतभावाच्या वरातीत नाचायला गेला, तो दुसऱ्या दिवशी आला. क्लबाचे आश्रयदाते पारस शेठ केळीचे व्यापारी. तीन पिढ्यांपूर्वी घराणं राजस्थानातून आलं, आता सावद्याबाहेर त्यांना झोप येत नाही. ते म्हणाले, "नाना, लिखापढी पाहिजे. आपली केळीची गाडीसुद्धा चिठ्ठीशिवाय सुटत नाही."

नानांनी आयुष्यात जवळून पाहिलेला करार एकच होता. त्यांचे वडील, मंगा, भडगावच्या एका पाटलांकडे एकतीस वर्षं सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. वडिलांची चिठ्ठी नानांच्या पेटीत होती. नानांनी त्यात 'मालक' होतं तिथे 'क्लब' घातलं आणि बाकी नऊही कलमं जशीच्या तशी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली; पुढे दरवर्षी त्याच्याच झेरॉक्स. क्रिकेटचा हंगामही आखाजीच्या आसपासच संपतो, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

खटकली ती घोंगडी. साल भरलं की गड्याला दोन जोड कपडे, एक जोडा आणि एक घोंगडी.

"नाना, मे महिन्यात घोंगडी?" शेठने विचारलं होतं.

"कलम चार."

तेव्हापासून दर आखाजीला, पारा चव्वेचाळीसवर असताना, पंधरा गड्यांना पंधरा घोंगड्या मिळतात. करार वाचणारा प्रत्येक जण चौथ्या कलमाशी येऊन हसतो आणि सही करतो. पाचव्यापुढे कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

रजिस्टरात एका नावापुढे मात्र नाना काही न विचारता 'पास' लिहीत. रोहिदास. डावखुरा फिरकी गोलंदाज, वय तेहतीस, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा. हंगामात मैदानामागच्या खोलीत राहायचा, खेळपट्टीचं बघायचा आणि पावसाळ्यात घरी शेती करायचा. त्याच्या गावाला जायचं तर दोन बस आणि वर तासभर पायपीट. शंकाच नसताना एवढं चालायचं कशाला, म्हणून नाना कधी गेले नव्हते.

यंदा आखाजीला दहा दिवस उरले असताना तो स्वतःच आला. हातात चारोळीची पिशवी. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि पिशवीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "नाना, मी धुळाले जाई ऱ्हायनू."

"लगीनले?"

"खेळाले. सही करी टाकी."

धुळ्याच्या क्लबाची स्वतःची शाळा होती. तिथे त्याला शिपायाची कायम जागा मिळत होती आणि मुलीला, शीतलला, पाचवीत प्रवेश. नानांनी ऐकून घेतलं. मग तपासनिसाचा प्रश्न विचारला. "कधी करी सही?"

"पंचवीसले. बावीसले साल भरनं ना, मोजीसनच गऊ."

नाना आत जाऊन दिनदर्शिका घेऊन आले. मागची आखाजी बावीस एप्रिलला होती हे खरं. पण मागच्या वर्षी श्रावण दोन झाले होते. एक अधिक, म्हणजे धोंड्याचा. त्यामुळे यंदाची आखाजी पुढे सरकून दहा मेला गेली होती.

"साल भरनं नई, रोहिदास. हाई साल तेरा महिनानं शे."

रोहिदासने दिनदर्शिका हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत दिली. लीगचा नियम त्यालाही ठाऊक होता. एकाच वेळी दोन क्लबांचा करार असला तर दोन वर्षं बंदी. तेहतिसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे सगळंच. आणि धुळ्याच्या शाळेला शिपाई हवा होता तो फिरकी टाकणारा. नुसते शिपाई धुळ्यात मुबलक मिळतात.

तो गेल्यावर नानांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, दारातूनच सांगितलं, "चौदा बायकांना विचारत हिंडलात. पंधरावीच्या घरी गेला असता तर तिने सांगितलं असतं."

नानांनी दिनदर्शिका परत खिळ्याला अडकवली.

पारस शेठ तक्रार करायला निघाले. "एकाला सोडलं, तर उद्या ओपनर परत वरातीत नाचेल. लिखापढी कशाला केली मग?" लीगच्या समितीने सहा मेला जळगावला बोलावलं. मूळ करार नानांनी आणायचा होता.

"उंदराने खाल्ला म्हणा," वच्छलाबाईंनी सुचवलं.

"आपल्याकडे उंदीर नाहीत."

"म्हणून काय झालं?"

खोटा माल नानांनी चौतीस वर्षांत पास केला नव्हता. पण तीन दिवस शेवभाजी ताटात तशीच राहू लागली, आणि खान्देशात एवढ्यावरून डॉक्टर बोलावतात.

सहा तारखेला शेठच्या गाडीत बसल्यावर नानांनी करार उघडला. वाचायचं काही नव्हतं, पण माल पुढे जाण्याआधी पूर्ण बघायचा ही सवय. चौथं कलम ओलांडून ते सहा वर्षांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेले. नववं कलम एका ओळीचं होतं: धोंड्याचा महिना गड्याचा.

हे आपण लिहिलंय हेच ते विसरले होते. मग आठवलं. ही अट वडिलांनी घातली होती. पाटील हसून कबूल झाले होते, कारण तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्याने काय बिघडतं? त्या महिन्यात वडील दिवसाउजेडी घरी दिसत. छप्पर शाकारत, गिरणेवर मासे धरायला जात. एरवी नानांनी वडिलांना पाहिलेलं ते पाठमोरं, बैलांमागे. क्लबाच्या आधीच्या धोंड्याला कोरोना होता, कुणीच खेळत नव्हतं, म्हणून कलम झोपून राहिलं.

नानांनी मागच्या वर्षीचं रजिस्टर चाळलं.

"काय वाचताय, नाना?" शेठने विचारलं.

"तपासतोय."

समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. टेबलाच्या एका बाजूला धुळ्याच्या क्लबाचे मॅनेजर अभिमन बसले होते, त्यांच्यामागे रोहिदास उभा. खुर्ची रिकामी होती, पण तो बसला नाही. शेठने तक्रार सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "करार वाचा."

नानांनी पहिल्यापासून वाचला. चौथ्याला अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "घोंगडी?"

"घोंगडी."

"पुढे."

नववं वाचून नानांनी कागद खाली ठेवला.

"म्हणजे काय?" अभिमनने विचारलं.

"म्हणजे क्लबाचे बारा महिने. तेरावा त्याचा."

शेठ पुढे सरकले. "मग तो मिळालाच की. त्या श्रावणात तो घरीच होता. पावसाळ्यात सगळेच घरी असतात."

"नव्हता," नाना म्हणाले आणि रजिस्टर फिरवून अध्यक्षांपुढे केलं. चोवीस जुलै ते चार ऑगस्ट, ऐन धोंड्यात. रोहिदासला बोलावून घेतला. खेळपट्टीवर काळी माती, रोलर. खाली नानांची सही. "त्याचा महिना मीच मोडला, शेठ. मोडला तो अख्खा परत द्यायला हवा. आखाजीच्या आधीचा एक महिना धरा. दहा एप्रिललाच तो मोकळा झाला. पंचवीसची सही पास."

अभिमन बोटांवर मोजत होते. अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं. "हे तुम्ही तुमच्याच क्लबाच्या विरुद्ध सांगताय, कळतंय ना?"

"लिहिलंय ते सांगतोय."

अध्यक्षांनी तक्रारीवर 'निकाली' लिहिलं. तेव्हा रोहिदास त्या रिकाम्या खुर्चीवर बसला. सगळे उठले तरी तो बसूनच होता.

बाहेर पारस शेठने सगळ्यांना उसाचा रस पाजला, धुळ्याच्या मॅनेजरलाही. परतीच्या वाटेवर भुसावळ मागे पडलं. मग शेठ म्हणाले, "मला वाटलं होतं, कुणीतरी मला अडवेल. पाच दिवस वाट पाहिली. कुणी अडवेचना. माझा अर्हम पण पाचवीतच जातोय." आणि खिडकीची काच खाली करून त्यांनी मोठा श्वास सोडला. त्या संध्याकाळी वच्छलाबाईंना शेवभाजी दोनदा वाढावी लागली.

"नववं कलम काढून टाका," शेठ दुसऱ्या दिवशी म्हणाले. नानांनी नवे करार लिहिताना घोंगडी काढली. नववं ठेवलं.

आखाजीला धुळ्याच्या बसआधी रोहिदास सावद्यात उतरला. साल भरलं होतं, नियमाने सहावी घोंगडी त्याची. त्याने ती खांद्यावर टाकली आणि टाकताक्षणी घामाघूम झाला.

"धुळाले काय कमी उन शे, नाना?"

"शेवटली शे. ठेव."

मग नानांनी रजिस्टर उघडलं. नव्या हंगामाचा पहिला सामना धुळ्याशीच होता. सहा वर्षं रोहिदास आपल्या बाजूने होता, त्यामुळे त्याला खेळायचं कसं हा प्रश्न सावद्याला कधी पडलाच नव्हता.

"खरं सांग. आपलामा तुले कोन खेळी सकस?"

रोहिदासने चौदा नावांवरून बोट फिरवलं. घाई केली नाही; सातव्या नावाशी थोडा थांबला, पुढे गेला.

"एक बी नई."

नानांनी पेनाचं टोपण काढलं आणि वरपासून खालपर्यंत चौदा वेळा लिहिलं: दुरुस्ती.