मी सांगितलेले दोन आठवडे

"एमटीबी डिटेक्टेड." रिपोर्टवर एवढंच होतं, आणि वर माझं नाव, वय चौपन्न, स्त्री. हा सीबीनॅटचा रिपोर्ट. सीबीनॅट म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का, हे यंत्रावर दोनेक तासांत सांगणारी तपासणी. असे रिपोर्ट मी नोकरीत रोज वाचत आले. पेशंटच्या खुर्चीत बसून वाचलेला हा पहिला.

छातीरोग विभागातले डॉक्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, सेन्सिटिव्ह है. छह महीने की दवा, बस." सेन्सिटिव्ह म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा क्षय. ही बातमी चांगलीच होती. मला भीती वाटली नाही, लाज वाटली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या लाजेपायी घडलं.

मी दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिनची प्राध्यापक आहे. एमबीबीएस झालेली मुलं तीन वर्षं आमच्याकडे राबतात आणि एमडी होतात. त्यांना रेसिडेंट म्हणतात. त्यांच्या ड्युट्या, रजा, परीक्षा, कोणी कुठल्या युनिटला जायचं, हे सगळं माझ्याकडे होतं. विभागप्रमुख भल्ला सर माझ्याहून ज्येष्ठ, पण मुलं त्यांना नाही, मला घाबरायची. मला ते आवडायचं. कशाला खोटं बोला?

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. दिल्लीत दिवाळीनंतर कोण खोकत नाही? लक्ष्मीबाई नगरात आमच्या मजल्यावरची चारही घरं खोकत होती. हवेचे आकडे मोबाइलवर बघायचे, खिडक्या लावून घ्यायच्या आणि आल्याचा चहा प्यायचा, हा इथला हिवाळा. बाकीच्यांचा खोकला पंधरा दिवसांत गेला. माझा राहिला.

मी लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतलं. हे एक अँटिबायोटिक आहे. ते क्षयावरही थोडं चालतं, पण क्षय बरा करत नाही, नुसता दडवून ठेवतं. खोकला कमी होतो, माणूस खूश होतो आणि निदान लांबतं. म्हणूनच थुंकी तपासल्याशिवाय हे औषध द्यायचं नाही, असं मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते. मी ते दोनदा घेतलं, पाच-पाच दिवस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वजन चार किलोंनी उतरलं. लोक म्हणाले, छान दिसताय, आणि मी थँक्यू म्हणाले. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, ते मी वयावर ढकललं. अविनाश, माझा नवरा, केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. एकदा जेवताना तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस, मी काय बोलणार? पण आमच्या ऑफिसातला शिपाई असा महिनाभर खोकत असता, तर तू त्याला काय सांगितलं असतंस?" मी म्हटलं, "शिपायाला राउंड घ्यायचा नसतो." त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

राउंड म्हणजे रोज सकाळी सगळ्या रेसिडेंट्सना बरोबर घेऊन एकेका खाटेपाशी जायचं. नंतर वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या खोलीत बसून दिवसभराचं काम ठरवायचं. बाहेरची हवा वाईट म्हणून त्या खोलीची खिडकी बंद असे. आठ माणसं, एक टेबल, आणि माझा खोकला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर शबनम बसायची.

शबनम मुलाणी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, मूळची बार्शीची. हॉस्टेल भरलेलं म्हणून मुनिरकात एक खोली भाड्याने घेऊन राहायची. पहिल्या भेटीत ती आनंदाने माझ्याशी मराठीत बोलायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं होतं. इथे नको, बाकीच्यांना वाटेल मी आपल्या माणसांना जवळ करते. तेव्हापासून ती माझ्याशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोले.

नोव्हेंबरच्या शेवटी एका राउंडमध्ये मला खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. मी खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिले. शबनम हळूच म्हणाली, "मॅम, एक बार स्पुटम भेज दें?" स्पुटम म्हणजे थुंकी. पोरीने अगदी बरोबर सांगितलं होतं.

मी म्हटलं, "पहले चौदह नंबर बेड का पोटॅशियम देख लो, फिर मेरा बलगम देखना." सगळे हसले. माझ्या हाताखालचे दोन प्राध्यापकही हसले. त्यांचे वार्षिक शेरे मी लिहिते, आणि मी विनोद केला की तो विनोद असतो. शबनमचे कान लाल झाले. नंतर कोणीही माझ्या खोकल्याबद्दल ब्र काढला नाही. जानेवारीत तिची बदली दुसऱ्या युनिटला झाली.

फेब्रुवारीच्या मध्यावर थुंकीत रक्ताची तार दिसली, तेव्हा मी तपासणीला गेले. पुढचं वर सांगितलंच आहे.

रिपोर्टनंतर अर्ध्या तासात सिस्टर अन्नम्मा माझ्या खोलीत आल्या. रुग्णालयात कोणामुळे कोणाला लागण होऊ नये, हे बघण्याचं काम त्यांच्याकडे आहे. क्षयाचा पेशंट सापडला की त्या एक फॉर्म भरतात. खोकला सुरू झाल्यापासून तो कोणाकोणाबरोबर एका खोलीत राहिला, याची यादी काढतात आणि यादीतल्या प्रत्येकाचा एक्स-रे होतो. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "मॅडम, खाँसी कब से है?"

आमच्या ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. त्या भिंतीकडे पाठ करून मी इतकी वर्षं बसते.

मी म्हणाले, "दो हफ्ते."

ठरवून नाही म्हणाले. जीभ आपोआप वळली. दोन आठवडे म्हणजे मी नियमाप्रमाणे वागले, वेळेवर तपासणी केली. साडेतीन महिने म्हणजे मेडिसिनची प्राध्यापक स्वतःचा क्षय ओळखू शकली नाही. सिस्टरनी वर बघितलं. माझा खोकला त्यांनीही कॉरिडॉरमध्ये ऐकलेला असणार. पण त्यांनी लिहिलं, दोन आठवडे, आणि माझी सही घेतली.

यादीत त्या वेळी माझ्या युनिटला असलेले सात जण आले. सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ निघाले, घरी अविनाशचाही. मी निर्धास्त होऊन घरी गेले.

घरचे सहा आठवडे कसे गेले, ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला हे औषध सुरू झालं तर उपयोगी पडेल. सकाळी उपाशीपोटी गोळ्या. लघवी केशरी होते, घाबरू नका, ते एका गोळीचं काम आहे. पहिले काही दिवस पोट डचमळतं. भूक तिसऱ्या आठवड्यात परत येते, आणि आली की राक्षसासारखी येते. दोनेक आठवडे नीट औषध घेतलं की सहसा आपल्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. अविनाशने त्या दिवसांत ऑफिसला जायच्या आधी रोज माझ्यासाठी मऊ भात लावला. मी त्याला सगळं सांगत होते, ते दोन आठवडे सोडून.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी कामावर रुजू झाले. सकाळी वॉर्डात भरती असलेल्या पेशंटची यादी समोर आली. तिसरं नाव: डॉ. शबनम मुलाणी, वय सत्तावीस, प्लुरल इफ्यूजन. म्हणजे फुफ्फुसाभोवती पाणी. या वयात, या देशात, ते बहुतेक वेळा क्षयाचं असतं. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. आदल्या दिवशी पाठीतून सुई घालून सव्वा लिटर पाणी काढलं होतं. मला बघून उठायला लागली. मी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि मराठीत विचारलं, "किती दिवस अंगावर काढलंस ग?"

"महिनाभर ताप होता, मॅम." ती मराठीत बोलली, पण जरा चाचरत, परवानगी आहे की नाही अशी. "तुमची बातमी कळली तेव्हा मनात आलं होतं, एक्स-रे काढावा. पण यादीत माझं नाव नव्हतं. सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, मॅडमचा खोकला फेब्रुवारीतला आहे. मी तर नोव्हेंबरमध्ये ऐकला होता. पण तुम्ही सांगितलेली हिस्ट्री म्हटल्यावर वाटलं, माझीच काहीतरी गडबड होत असेल."

हिस्ट्री म्हणजे पेशंटने स्वतः सांगितलेली आजाराची हकिकत. ती नीट घेतली की निम्मं निदान होतं, हे मीच तिला शिकवलं होतं. माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्या पोरीने स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडला होता. मी म्हटलं, "तुझी गडबड नव्हती. मी खोटं सांगितलं." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग नजर सलाइनच्या बाटलीकडे नेली.

मी तिथून थेट सिस्टर अन्नम्मांकडे गेले आणि फॉर्म बदलायला सांगितला. त्यांनी जुना फॉर्म काढला, दोन आठवड्यांवर रेघ मारली आणि मी सांगितलेली नवी तारीख लिहिली. नव्या यादीत एकोणीस नावं आली. त्यात खाटांच्या चादरी बदलणाऱ्या सुनीताच्या फुफ्फुसात लहानसा डाग निघाला. तिला काहीच त्रास नव्हता. तिचं औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. शबनमचंही फेब्रुवारीत होऊ शकलं असतं.

आमच्याकडे शनिवारी एक सभा होते. आठवड्यात ज्या केसमध्ये चूक झाली, ती सगळ्यांसमोर मांडायची आणि चूक कुठे झाली ते सांगायचं. इतक्या वर्षांत त्या सभेत चूक नेहमी रेसिडेंटची निघाली. प्राध्यापकाची चूक मांडल्याचं मला आठवत नाही, आणि सभा मीच चालवत होते. मी भल्ला सरांना सांगितलं, या शनिवारी मी केस मांडणार. ते चपापले. "मॅडम, जूनियर्स के सामने? डिसिप्लिन क्या रह जाएगा? और इन्फेक्शन आप ही से हुआ, ये साबित भी नहीं हो सकता. वॉर्ड में टीबी के पेशंट रोज़ आते हैं."

ते खरं होतं. शबनमला क्षय माझ्यापासूनच झाला, हे कधीच सिद्ध होणार नाही. या वाक्याच्या आड मी आयुष्यभर लपून राहू शकले असते. पण उशीर मात्र माझ्याचमुळे झाला होता, आणि त्याला पुरावा होता.

शनिवारी मी उभी राहिले आणि मुलं मांडतात तशीच केस मांडली. चौपन्न वर्षांची स्त्री, साडेतीन महिने खोकला, वजनात घट, संध्याकाळचा ताप. स्वतःच्या मनाने दोनदा अँटिबायोटिक. एका रेसिडेंटने योग्य सल्ला दिला, तिची टिंगल केली. मग फॉर्मवर खोटी माहिती. शेवटी म्हटलं, पेशंट मी आहे. मग पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅम, पेशंट ने झूठ क्यों बोला?" ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "शर्म आती थी." तिने ते वहीत लिहून घेतलं.

रेसिडेंट्सचं काम मी सोडून दिलं. ते मोठेपण नव्हे. ज्या खुर्चीत बसल्यावर आपल्याला कोणी खरं सांगत नाही, ती खुर्ची माझ्या प्रकृतीला मानवत नाही, एवढंच. आता राउंडमध्ये कोणी माझं चुकलं असं म्हणालं, तर अजूनही पहिल्यांदा राग येतो. मी मनात दहा आकडे मोजते आणि मग विचारते, कुठे चुकलं? कधी कधी सातवरच विचारते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला उद्या पांढऱ्या कपड्यातली बाई पेन उघडून विचारेल, त्रास कधीपासून आहे? लाज वाटली तरी खरी तारीख सांगा. ती तारीख एकट्याची नसते. तिच्यावरून दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर शोधायचं असतं.

शबनमची अम्मी बार्शीहून आली, तेव्हा शबनमला घरी सोडायला दोन दिवस होते. मी खोलीत गेले तर त्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमच्या जिवावर पोरगी एवढ्या लांब ठेवली हाय. तुम्ही होता म्हणून वाचली बघा." शबनम भिंतीकडे बघत होती. तिने आईला काही सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं.

मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. खोकला, राउंड, फॉर्म, यादी. इंग्रजी शब्द न वापरता, एकही गोष्ट न गाळता. बाईंनी मध्येच माझे हात सोडले. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पदर सावरला. मग उठल्या, टेबलावरच्या खोक्यातून एक मास्क काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पोरीपाशी बसायचं आसंल तर हे लावा," त्या म्हणाल्या.

माझ्यापासून आता कोणाला लागण होत नाही, हे मला माहीत होतं. शबनमलाही माहीत होतं. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती काय बोलेल याची मी वाट बघितली नाही. मास्क लावला आणि स्टूल जरा मागे घेतलं.