सव्वासहाच्या गाडीआधी सुटणारा सिनेमा

आमच्या देवळीच्या टॉकीजमध्ये सिनेमा चालणार की पडणार, हे नटनट्या ठरवत नव्हत्या. नाचणगावकडे जाणारी सव्वासहाची एसटी ठरवायची. हसू नका, मी बारा वर्षं लेडीज खिडकीवर तिकिटं फाडली आहेत. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया बाजार उरकून तीनच्या खेळाला यायच्या. भाजीच्या पिशव्या पायाशी, लेकरं मांडीवर. सिनेमा अडीच तासांचा असला तर पोटभर रडून, डोळे पुसून आरामात गाडी पकडायच्या आणि पुढच्या बाजाराला जावेला, नणंदेला घेऊन यायच्या. सव्वातीन तासांचा असला की सहा वाजता हॉलमध्ये पिशव्यांची सळसळ सुरू. शेवट न पाहिलेली बाई गावात जाऊन काय सांगणार? ‘लय लांबट हाये, जाऊ नोको.’ झालं, बसला सिनेमा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला असाच एक सव्वातीन तासांचा आला. बाप-लेकीचा. पहिल्याच बाजाराला अर्धा लेडीज क्लास शेवट न पाहता उठून गेला. आमचे हे तिथेच ऑपरेटर होते, वर केबिनमध्ये रिळं चढवायचे. मालकांनी ह्यांना बोलावून सांगितलं, “अर्धा तास काप. नाई तं शुक्रवारी उतरवतो.”

आता या माणसाचा आयुष्यात एवढाच एक ताठा होता. आजूबाजूच्या गावांतले ऑपरेटर सर्रास गाणी उडवायचे, ह्यांनी कधी हातभर फिल्म कापली नव्हती. दुसऱ्याच्या पत्रातल्या ओळी खोडल्यासारखं वाटते, म्हणायचे. त्या दिवशी जेवले नाहीत. मला दया आली, आणि खरं सांगते, थोडा चेवही आला.

“मले विचारा,” मी म्हटलं. “कोणत्या सीनले बाया लेकरं घेऊन बाहेर जातात, मले सगळं पाठ हाये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये बसलो. मी सांगायची आणि हे ब्लेडने कापून जोडायचे. कापलेले तुकडे चिठ्ठी लावून डब्यात, कारण प्रिंट अमरावतीच्या वितरकाकडे परत पाठवताना सगळं होतं तसं जोडून द्यावं लागायचं. हाणामारी गेली, दोन गाणी गेली, विनोदवाल्याचा सगळा पसारा गेला. तरी चार-पाच मिनिटं जास्तच होती. एका सीनमध्ये म्हातारा बाप ओसरीवर बसून काहीतरी शिवत असायचा. कोणी बोलायचं नाही. तेवढ्यात निम्म्या बाया लेकरांना मुतवून आणायच्या आणि मी त्यांच्यासाठी दार धरून उभी असायची.

“हा काढा,” मी म्हटलं.

“हा राहू दे वं.”

“काऊन? कोणी बोलून तं नाई राह्यलं.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कापला.

सिनेमा पावणेसहाला सुटू लागला. चार बाजार चालला. लेडीज क्लास पुरेना, बाया पायऱ्यांवर बसल्या. मालकांनी पेढे वाटले. आणि मी? खिडकीत बसून येईल त्या बाईला सांगायची, “आमच्या इथं सिनेमा गाडीच्या आधी सुटते. मी कापाले लावला.” अशी मिरवली, की विचारू नका. फक्त एक होतं. शेवटी ती लेक बापाच्या माघारी जुन्या चपला छातीशी धरून रडायची, तिथे सगळा हॉल हसायचा. ‘चपला काऊन कवटाळून राह्यली हे?’ मीही हसायची.

प्रिंट जायच्या दिवशी सकाळी ह्यांनी सगळे तुकडे परत जोडले आणि जोड तपासायला पूर्ण सिनेमा लावला. मी रिकाम्या हॉलमध्ये बसले. तो ओसरीवरचा सीन आला. सासरी निघालेल्या लेकीच्या तुटलेल्या चपलेचा पट्टा म्हातारा शिवत होता. नजर अधू. सुई टोचली की बोट तोंडात घालायचा आणि परत शिवायचा. मग चपला धोतराच्या सोग्याने पुसून त्याने उंबऱ्याशी सरळ मांडून ठेवल्या.

शेवट आला, तिने त्या चपला छातीशी धरल्या आणि मी ओक्साबोक्शी रडले. मला माझीच लाज वाटली. मग राग आला, तो अर्थातच ह्यांचा. तरातरा केबिनमध्ये गेले.

“चार आठवडे लोकं हसून राह्यले अन् तुम्ही वर बसून ऐकत होते? मले सांगता नाई आलं?”

हे रीळ गुंडाळत होते. “पहिल्याच दिवशी समजलं मले,” म्हणाले. “तुकडा परत जोडाले डबा उघडला बी होता. पण खालून तुह्या खिडकीतला आवाज येत होता. इतकी खुश मी तुले लग्नापासून पाह्यली नव्हती.”

मी उगाच पदराने तोंड पुसलं. मग म्हटलं, “तेवढं ओसरीवालं रीळ परत लावा.”

ह्यांनी लावलं. मशीन सुरू केली आणि ऑपरेटरने कधीच करू नये ते केलं. केबिन सोडून खाली आले, माझ्या शेजारी लेडीज क्लासमध्ये बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोघांचंही आयुष्य टॉकीजमध्येच चाललं होतं, आणि एकमेकांशेजारी बसून आम्ही एकही सिनेमा पाहिला नव्हता. रीळ दहा मिनिटांचं होतं. तेवढा वेळ आम्ही बसलो.