शंभरातले तीस

नवऱ्याची नोकरी विद्यापीठात, म्हणून मी चंडीगडला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर शेजारच्या भाभीजींच्या कारखान्यात जाऊ लागले. भाभीजींचे यजमान अचानक गेले होते आणि इंडस्ट्रियल एरिया फेज टूमधली पुठ्ठ्याची खोकी बनवणारी शेड त्यांच्या गळ्यात पडली होती. आधी मी फक्त हिशेब बघायचे, मग स्वतःचे थोडे पैसे घालून भागीदार झाले. आमची वाटणी सरळ होती. गिऱ्हाइकांशी आणि मशीनवाल्यांशी भांडायचं भाभीजींनी. कुठलं काम कधी आणि कोणी करायचं, ते लिहून भिंतीला लावायचं मी. मनीमाजऱ्याहून दहा-बारा बायका कामाला येत. पिंजौरचा एक नळ बनवणारा हे आमचं मोठं गिऱ्हाईक. तपकिरी खोकी, वर निळ्या शाईत त्याच्या मालाचं नाव. मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बायकांचा पगार कधी थांबला नाही.

त्या वेळी परदेशी कंपनीला आपल्या देशात स्वतःच्या मालाचं दुकान उघडायचं तर एक मोठी अट होती. शंभर रुपयांच्या मालामागे तीस रुपयांचा माल इथल्या लोकांकडून घ्यायचा. फोन आणि कॉम्प्युटर विकणारी एक कंपनी या अटीपाशी अडून बसली होती. तिच्या फोनमधलं जवळजवळ काहीच इथं बनत नव्हतं. मग इथून घ्यायचं काय? फोनची कव्हरं, वायरी, कापडी पिशव्या आणि हे सगळं ज्यात घालून विकायचं त्या पुठ्ठ्याच्या डब्या. मिळेल ते उचलायचं आणि तिसाच्या दिशेने सरकायचं. अशी शोधाशोध करत त्या कंपनीचा खरेदी अधिकारी गुडगावहून आमच्या शेडमध्ये आला.

तिशीतला मुलगा. भाभीजींशी तो हिंदी-इंग्रजीत बोलत होता. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवर, बायकांसाठीच्या हिंदी कागदाखाली मी स्वतःसाठी मराठीत केलेल्या टिपणावर गेली आणि तो थांबला.

"ताई, तुम्ही कुठल्या?"

मी कराडची म्हणून सांगितलं. तो सांगलीचा निघाला.

परगावी राहणाऱ्या मराठी माणसांना एक खोड असते. मंडळाच्या गणपतीत कुणी "मी तुमच्याकडचाच" म्हटलं की पुढची चौकशी बंद. त्यात माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. पुठ्ठ्याच्या धुळीत एक तरुण मुलगा मला ताई म्हणतोय, एवढ्यावरच माझं निम्मं मत झालं होतं. संध्याकाळी त्याला घरी जेवायला नेलं. झुणका-भाकरी केली. त्याने मागून मागून खाल्ली.

कंपनीच्या अटी कडक होत्या. डबीच्या आत बोटाचा डाग चालणार नाही. झाकण वर ठेवून सोडलं की ते आपोआप, सावकाश खाली बसलं पाहिजे. आदळलं तरी बाद, अडकलं तरी बाद. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे त्याच छपराखाली दुसऱ्या कुणाचं काम नको. शाईचा वास नको, बाहेरच्या माणसांची ये-जा नको. म्हणजे नळवाल्याचं काम सोडायचं. करार मात्र एकाच वर्षाचा. पुढचं काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, नियम आहे तोवर काळजी नको. आणि नियम कुठे जातोय?"

भाभीजींना हे पटलेलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दीदी, लड़के वाले मजबूरी में शादी कर रहे हैं. निभाएँगे कब तक?"

मी म्हटलं, माणूस आपला आहे.

"आपका होगा. कंपनी किसकी है?"

तरी शेवटी त्यांनी मान डोलावली. कारण आकडा मोठा होता आणि नळवाला दर वर्षी भाव पाडून मागत होता. आम्ही त्याला रीतसर कळवलं. तो फेज वनमधल्या एका कारखान्याकडे गेला. छपाईचं जुनं मशीन आम्ही विकलं, कर्ज काढून डब्यांचं आणलं, फरशी बदलली, बायकांना पांढरे हातमोजे आणले. पहिल्या महिन्यात निम्मा माल बाद झाला. मग त्यांच्या बोटांना ते जमलं. पुठ्ठा कापताना केसाएवढा फरक पडला तरी झाकणाचा तोल जातो, हे त्यांना हाताला कळायला लागलं. करार एकदा वाढला. त्या दिवसांत मला या कामाचा अभिमान वाटत होता, हे लिहिताना आता तोंड कडू होतं.

त्या काळात वर्तमानपत्रांत दोन बाजू भांडत असत. एक म्हणे, ही अट म्हणजे छोट्या उद्योजकांचं संरक्षण. दुसरी म्हणे, ही अट म्हणजे प्रगतीच्या पायातली बेडी, आणि ती काढली की छोट्या उद्योजकांचंच भलं होईल. छोटे उद्योजक म्हणजे आम्ही. दोन्हीकडचे आमच्या नावाने बोलत होते आणि आमच्या शेडचा पत्ता दोघांनाही ठाऊक नव्हता.

मग नियम सैल झाला. बाहेरदेशी पाठवायचे फोन इथल्या मोठ्या कारखान्यांत जोडले जाऊ लागले होते. त्यांच्यासाठी इथे होणारी खरेदीही आता तिसात धरली जाणार होती. बातमी मी वाचली. ती आमच्याबद्दल आहे, हे मला कळलं नाही. पुढच्याच महिन्यात ईमेल आली. इंग्रजीत होती, वर नावसुद्धा नव्हतं, नुसतं "प्रिय पुरवठादार". करार संपल्यावर पुढे वाढवला जाणार नाही. खाली सही त्याचीच.

मी त्याला फोन केला. दोन दिवस त्याने उचलला नाही. उचलला तेव्हा आधी इंग्रजीत बोलला. मी मराठीत बोलत राहिले, तेव्हा मराठीवर आला.

"ताई, समजून घ्या. तीस टक्के आता फोनच्या जोडणीतूनच भरतात. वरून निर्णय आलाय."

मी विचारलं, डब्यांत काही खोट होती का? आम्ही सुधारू.

"नाही हो ताई. डब्या छानच होत्या. डब्यांचा प्रश्नच नव्हता कधी."

हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मी फोन ठेवला आणि भाभीजींना सांगितलं. त्यांनी "मैंने कहा था" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पिंजौरला नळवाल्याकडे गेलो. त्याने चहा दिला, बर्फी मागवली. मग हसत म्हणाला, "आप तो फॉरेन वाले हो गए थे, बहनजी. हमारे डब्बे से बदबू आती थी."

भाभीजींनी ते गिळलं आणि काम मागितलं. काम होतं, पण सगळं नाही. मोठा माल फेज वनलाच राहणार. उरलेली लहान खोकी आम्हाला, ती छपाईशिवाय, फेज वनवाल्यांच्याच भावात. त्या भावात किती बायकांचा पगार निघतो, ते मी तिथेच बसून मनात मोजून पाहिलं. निम्म्यांचा निघत होता. परतताना भाभीजी गाडीत एवढंच म्हणाल्या की कोणाला ठेवायचं ते मी ठरवावं; त्यांच्याकडून होणार नाही, त्या बायकांच्या लग्नकार्यांना गेलेल्या आहेत.

मी ठरवलं. ज्यांच्या घरी दुसरी कमाई आहे त्या जातील, ज्यांच्या घरी नाही त्या राहतील. दुसरी कुठली रीत मला सुचली नाही. शनिवारी काम संपल्यावर सगळ्यांना बसवलं आणि नावं वाचण्याआधी कारण सांगितलं. मला सगळं क्रमाने सांगायची सवय. अट काय होती, ती का घातली, ती कशी बदलली, सोप्या हिंदीत सांगितलं.

मागे बसलेल्या एकीने विचारलं, "मॅडमजी, उनको हमारा काम पसंद नहीं आया?"

मी म्हटलं, पसंद होतं.

"फिर?"

मी पुन्हा शंभरातल्या तिसापासून सुरुवात केली. तिने मला हाताने थांबवलं. चिडून नव्हे, तिला पुढची बस गाठायची होती.

"वो छोड़ो, मॅडमजी. सोमवार को आना है कि नहीं, बस ये बता दो."

तिचा नवरा एका सोसायटीत पहारेकरी होता. मी म्हटलं, "नहीं."